ग्लीझे २२९ बी

ग्लीझे २२९ बी ही शशक तारकासमूहातील ग्लीझे २२९ या तांबड्या बटुताऱ्याभोवती फिरणारी तपकिरी बटुताऱ्यांची जोडी आहे. पृथ्वीपासून तिचे अंतर सुमारे १८.८ प्रकाशवर्षे आहे. १९९५ साली शोध जाहीर झाला तेव्हा ती एकच वस्तू समजली गेली आणि हा समज २०२४ पर्यंत टिकून राहिला. ज्या चमूने हा शोध लावला, त्यात कुरुंदवाड (जि. कोल्हापूर) येथे १९५६ साली जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी होते.

शशक हा मृग नक्षत्राच्या दक्षिणेस आणि व्याधाच्या पश्चिमेस दिसणारा लहानसा तारकासमूह आहे. नागपूर, उमरेड या २१ अंश उत्तर अक्षांशाजवळच्या ठिकाणांहून ग्लीझे २२९ फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर सुमारे ४७ अंश उंचीवर येतो. त्याची दृश्यप्रत ८ च्या आसपास असल्याने तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, द्विनेत्री लागते. त्याचा सोबती मात्र हौशी निरीक्षकाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

तपकिरी बटुतारा म्हणजे काय

ताऱ्याच्या गाभ्यात हायड्रोजनाचे ज्वलन टिकून राहण्यासाठी त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे सात-आठ शतांश तरी असावे लागते. त्याहून कमी वस्तुमानाचा वायुगोल आकुंचन पावू लागला, तरी पुरेसा तापण्याआधीच इलेक्ट्रॉनांचा दाब ते आकुंचन थोपवतो. ही मर्यादा १९६३ साली शिव कुमार या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने कागदावरच्या गणिताने काढली. अशा वस्तूंना 'तपकिरी बटुतारे' हे नाव जिल टार्टर यांनी १९७५ मध्ये दिले. ते नाव रंगाचे वर्णन म्हणून फारसे अचूक नाही, पण रूढ झाले आहे.

इंधन नसल्याने अशी वस्तू जन्मापासून थंड आणि मंद होत जाते, चुलीतून काढलेल्या निखाऱ्यासारखी. तिच्या अभ्यासातली मुख्य अडचण येथेच उद्भवते. दूरच्या साध्या ताऱ्याचे तेज मोजले की त्याच्या वस्तुमानाचा बऱ्यापैकी अंदाज करता येतो, कारण त्याचे तेज दीर्घकाळ जवळजवळ स्थिर असते. तपकिरी बटुताऱ्याच्या बाबतीत तसे होत नाही. वयाने लहान व हलकी वस्तू आणि वयस्कर व जड वस्तू सारख्याच तेजाने चमकू शकतात. मोजलेली राशी एक आणि अज्ञात राशी दोन, असे हे समीकरण आहे. वय माहीत असेल तरच शीतलनाच्या गणिती प्रतिमानावरून वस्तुमानाचे अनुमान काढता येते.

शोध

पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर, मुख्य ताऱ्याचे तेज झाकणारे उपकरण बसवून ऑक्टोबर १९९४ मध्ये हा अंधुक ठिपका प्रथम टिपला गेला. तो योगायोगाने त्याच दिशेला दिसणारा दूरचा तारा नसून खरा सोबतीच आहे, याची खात्री करण्यासाठी दोन्ही वस्तू आकाशात बरोबरीने सरकतात का हे पाहणे आवश्यक होते. चमूने त्यासाठी सुमारे वर्षभर घोषणा रोखून धरली. त्याआधी तपकिरी बटुताऱ्यांचे अनेक दावे फोल ठरले होते, हे लक्षात घेता हा संयम विशेष उल्लेखनीय आहे. नाकाजिमा, ओपेनहायमर, कुलकर्णी व सहकाऱ्यांचा लेख ३० नोव्हेंबर १९९५ रोजी 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कृत्तिका तारकागुच्छातील तेइदे १ या तपकिरी बटुताऱ्याचा शोध प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे 'पहिला' हा मान दोघांत विभागला जातो.

ग्लीझे २२९ बीचे वैशिष्ट्य तिच्या वर्णपटात होते. त्यात मिथेनच्या ठळक खुणा आढळल्या. ताऱ्यांच्या उष्णतेत कार्बन हा कार्बन मोनॉक्साइडच्या रूपात राहतो, मिथेन टिकतो तो गुरूसारख्या थंड वातावरणात. ही वस्तू तारा असणे शक्य नाही, हे त्यावरून निर्विवाद ठरले.

वस्तुमानाचा पेच

शोधाच्या वेळी शीतलन प्रतिमानांवरून वस्तुमान गुरूच्या २० ते ५० पट असावे असे अनुमान होते. पुढे दुसरा, तेजावर अवलंबून नसलेला मार्ग उपलब्ध झाला. सोबत्याच्या ओढीने मुख्य तारा किंचित हेलकावतो. हिप्पार्कस आणि गाया या उपग्रहांच्या मापनांत सुमारे पाव शतकाचे अंतर असल्याने ताऱ्याच्या गतीतला सूक्ष्म बदल मोजता आला. पूर्ण प्रदक्षिणेस दोन शतकांहून अधिक काळ लागत असला, तरी कक्षेच्या छोट्या तुकड्यावरून आणि या गतिबदलावरून मिरेक ब्रँट व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सोबत्याचे वस्तुमान गुरूच्या ७१.४ पट, तेही एका टक्क्याहून कमी अनिश्चिततेने, निश्चित केले.

हा आकडा प्रतिमानांना पेलवेना. एवढी जड वस्तू बरीच अधिक तेजस्वी असायला हवी होती. प्रत्यक्षात तिचे तेज सूर्यतेजाच्या दहा लाख भागांपैकी सुमारे सहा भाग एवढेच आहे. येथे पणाला लागलेली गोष्ट एका वस्तूपुरती नव्हती. थेट छायाचित्रित झालेल्या बहुतेक परग्रहांची वस्तुमाने याच शीतलन प्रतिमानांवरून काढलेली आहेत. प्रतिमान चुकले असते, तर ती सारी कोष्टके संशयास्पद ठरली असती. दुसरा पर्याय असा, की प्रतिमान बरोबर आहे पण 'वस्तू एकच आहे' हे गृहीतक चूक आहे.

या पर्यायाचे अंकगणित सोपे आहे. समान वयाच्या तपकिरी बटुताऱ्यांत वस्तुमान दुप्पट झाले की तेज साधारण सहापट होते. म्हणून तेच वस्तुमान दोन समान भागांत वाटले, तर एकूण तेज सुमारे एक तृतीयांशावर येते.

जोडीचा उलगडा

२०२४ मध्ये जेरी शुआन व सहकाऱ्यांनी चिलीतील चार मोठ्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या ग्रॅव्हिटी या उपकरणाने हे दोन घटक वेगळे पाहिले, तसेच वर्णपटातील वेगबदलही मोजले. दुसऱ्या एका गटाने हवाईतील केक दुर्बिणीने स्वतंत्रपणे तोच निष्कर्ष काढला. घटकांची वस्तुमाने गुरूच्या सुमारे ३८ आणि ३४ पट असून बेरीज आधीच्या मापनाशी जुळते. ते १२.१ दिवसांत परस्परांभोवती फिरतात. त्यांच्यातील अंतर सुमारे ६३ लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या १६ पट आहे. पृथ्वीवरून पाहता हे अंतर विकलेच्या सुमारे सात सहस्रांश भरते, त्यामुळे हबल दुर्बिणीलाही ते वेगळे दिसले नव्हते.

घटकांना आता ग्लीझे २२९ बीए आणि बीबी अशी नावे आहेत. एवढी घट्ट जोडी मोठ्या ताऱ्याच्या सान्निध्यात कशी तयार झाली, हा प्रश्न खुला आहे.