शुद्ध प्रत राहते कुठे?

ऑल्डस कंपनीचा ‘पेजमेकर’ १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आला. त्याच वर्षी बाजारात आलेला लेझरराइटर प्रिंटर इंचाला ३०० ठिपके छापत असे, आणि पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेमुळे पडद्यावरचे पान तसेच्या तसे कागदावर उतरू लागले. ऑल्डसचे पॉल ब्रेनर्ड यांनी या पद्धतीला ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ म्हटले. आपण तिला डीटीपी म्हणतो.

मराठीची अडचण मात्र वेगळीच होती. त्या काळच्या फाँटमध्ये जागा जेमतेम २५६. तेवढ्यात काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे सगळे बसवायचे. मग इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे ठेवले गेले, तेही प्रत्येक कंपनीने आपापल्या क्रमाने. फाँट बदलला की मजकुराचा पार चुथडा होतो, तो यामुळे.

‘मार्मिक’ हा शब्द घ्या. जुना फाँट तो डोळ्यांना दिसतो तसा साठवतो : ‘मा’नंतर आधी वेलांटी, मग म, त्यावर रफार, शेवटी क. युनिकोड ही आजची प्रमाण संकेतपद्धती उच्चाराच्या क्रमाने जाते : म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये रूपांतर करताना वेलांटी पुढे सरकवायची आणि रफार मागे आणायचा. ‘स्थिती’मध्ये तर पहिल्या वेलांटीला अख्खे ‘स्थ’ ओलांडावे लागते. रूपांतर करणारा प्रोग्रॅम, म्हणजे कन्व्हर्टर, हे बहुतेकदा नीट करतो, पण एखादे आडवळणी जोडाक्षर त्याच्या हातून निसटते. म्हणून रूपांतरानंतर मुद्रितशोधकाने पुन्हा एक वाचन केलेच पाहिजे. ‘आधी तपासलंय की’ म्हणून ते टाळू नये.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. लेखकाची वर्ड फाइल येते, संपादक ती सुधारतो, ऑपरेटर पाने लावतो. त्यानंतरची दुसऱ्या-तिसऱ्या प्रुफाची दुरुस्ती थेट लावलेल्या पानांतच होते. संपादकाकडची फाइल जुनीच राहते. काही वर्षांनी दुसरी आवृत्ती निघते, कोणीतरी तीच जुनी फाइल उचलते आणि कष्टाने काढलेल्या चुका पुन्हा छापल्या जातात. इतक्या बारकाईने केलेले काम असे वाया जाताना खरोखर वाईट वाटते.

संगणक आणि सॉफ्टवेअर घेताना संस्था किमतीची भरपूर चर्चा करतात. अंतिम संहिता कोणती आणि ती कोणी सांभाळायची, हे त्याच बैठकीत ठरायला हवे. पाने लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये आता युनिकोड देवनागरी नीट लागते, त्यामुळे नव्या कामाला जुने फाँट वापरण्याचे कारण उरलेले नाही. तरीही जिथे ते चालू आहेत, तिथे प्लेट काढण्याआधी लावलेल्या पानांतून मजकूर बाहेर काढावा, युनिकोडमध्ये आणून वाचावा आणि तारीख घालून पीडीएफसोबत संपादकाच्या ताब्यात द्यावा. प्रत्येक पुस्तकामागे हे काम थोडे वाढेल, आणि ते ऑपरेटरच्या फावल्या वेळेवर न सोडता वेळापत्रकातच धरावे लागेल.