चप्पल पळवणारा लॅब्रेडॉर

लॅब्रेडॉरचे पिल्लू चप्पल पळवते आणि घरातील मंडळी ओरडत त्याच्या मागे धावतात. पिल्लाच्या लेखी हा खेळच! शिकाऱ्याने टिपलेला पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी १९ व्या शतकात ब्रिटनमध्ये ही जात घडविली गेली. वस्तू उचलणे तिच्या रक्तातच आहे. त्यातच चौथ्या ते सातव्या महिन्यांदरम्यान दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ येतात, तेव्हा हिरड्या शिवशिवतात. अशा वेळी पाठलाग न करता खाऊ दाखवावा, वस्तू सोडताच तो द्यावा आणि चघळण्यासाठी रबरी खेळणे पुढे करावे. हिसकावू गेल्यास पिल्लू घाईने वस्तू गिळते. मोजा आतड्यात अडकला, तर शस्त्रक्रियेचीही वेळ येऊ शकते. सकाळ-संध्याकाळ भरपूर फिरवणे आवश्यक. तोवर चपला कपाटातच ठेवाव्यात.