काळविटाचा फोटो आणि तापलेला मोबाईल

समजा, तुम्ही कर्जतहून रेहेकुरीच्या अभयारण्यात गेलात. अभयारण्य केवढं, तर जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर! पण १९८० साली ते खास काळविटांसाठी राखलं गेलं. तर तिथे गवतातून मळसूत्री शिंगांच्या काळविटाने झेप घेतली आणि तुम्ही आईच्या मोबाईलवर नेमकी ती टिपली. लगेच मावशीला पाठवली. रेंजची कांडी होती एकच. फोटो गेला खरा, पण मोबाईल गरम झाला आणि बॅटरी भराभर उतरली. गावात, टॉवरच्या जवळ उभं राहून पाठवला असता, तर तो इतका तापला नसता. असं का बरं?

मोबाईलच्या पोटात नखापेक्षाही लहान अशी एक चिप असते. तिचं नाव पॉवर ॲम्प्लिफायर. फोटोचे आधी शून्य आणि एक असे आकडे होतात, मग ते आकडे रेडिओलहरीवर चढतात. ही लहर फार दुबळी असते. टॉवरपर्यंत पोचायचं बळ तिला ही चिप देते. किती बळ द्यायचं ते टॉवर सांगतो : जवळ असाल तर ‘हळू बोल’, लांब असाल तर ‘जोर लाव’. थ्रीजीमध्ये अशा सूचना सेकंदाला १५०० वेळा यायच्या! फोरजीचा साधारण मोबाईल जोर लावून ०.२ वॅट एवढी शक्ती बाहेर टाकतो, आणि टॉवर अगदी जवळ असेल तर एका मिलिवॅटच्या दहाहजाराव्या भागापर्यंत खाली येऊ शकतो. दोन्हींत २० लाख पटींचा फरक आहे. एवढीशी चिप हे सांभाळते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण ०.२ वॅट म्हणजे कितीसे? घरातला एलईडी बल्बसुद्धा ९ वॅटचा असतो. मग मोबाईल तापतो कशाने? स्क्रीन आणि प्रोसेसर तापतातच, पण ही चिपही बॅटरीतून घेतलेली सगळी वीज लहरीला देत नाही. बऱ्याचदा निम्म्याहून जास्त वीज नुसती उष्णता होऊन जाते.

मग चिप काटकसरी का करत नाहीत? खरी गंमत इथेच आहे. ॲम्प्लिफायर सगळ्यात काटकसरीने चालतो तो पूर्ण ताकदीच्या जवळ, आणि नेमका तिथेच तो चुकायला लागतो. कर्जतला गोदड महाराजांच्या यात्रेत कर्ण्याचा आवाज फार वाढवला की तो फाटतो ना? तसाच हा प्रकार. दहापट मोठं करणाऱ्या ॲम्प्लिफायरला १ दिलं की १० मिळतात, २ दिले की २०. पण ताण आला की ३ दिल्यावर ३० मिळत नाहीत, २७ च मिळतात.

तीनच कमी, त्यात काय एवढं? खूप काही! हल्लीच्या लहरीची उंची आणि तिची वेळ यांच्या २५६ वेगवेगळ्या जोड्या वापरतात, आणि एकेका जोडीत आठ-आठ शून्य-एक भरलेले असतात. उंची थोडी दबली की एक जोडी दुसरीसारखी दिसते आणि काळविटाचा तुकडा पुन्हा पाठवावा लागतो. शिवाय अशी विस्कटलेली लहर आपली जागा सोडून शेजारच्या लहरींच्या जागेत सांडते. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर रुंदीच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिशय क्षीण संकेत ऐकतात. असं सांडलेलं काही त्यांच्या कानावर पडलं, तर दूरच्या दीर्घिकांचं बोलणं बुडून जाईल.

टॉवरची अडचण तर आणखी मोठी. फोरजीचा टॉवर एकाच वेळी १२०० पर्यंत बारीक लहरी मिळून पाठवतो. मधूनच बऱ्याच लहरींचे माथे एकत्र येतात आणि क्षणभर सरासरीच्या जवळजवळ दहापट ताकदीची उंच लाट उठते. त्या एका क्षणासाठी मोठा ॲम्प्लिफायर ठेवायचा आणि बाकी सगळा वेळ तो अर्धवट चालवून वीज जाळायची?

यावरचा तोडगा मोबाईलच्या कितीतरी आधी, १९३६ साली सापडला होता. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विल्यम डोहर्टी नावाचा तिशीही न गाठलेला इंजिनिअर रेडिओ केंद्रांच्या प्रचंड वीजबिलावर विचार करत होता. त्याने एकाऐवजी दोन ॲम्प्लिफायर घेतले. उसाच्या गाडीला चढ आला की जास्तीची बैलजोडी जुंपतात, तसंच. पहिला सतत आपल्या ताकदीच्या जवळ, म्हणजे काटकसरीने राबतो. दुसरा झोपलेला असतो आणि उंच लाट आली तरच जागा होतो. आज जगभरच्या मोबाईल टॉवरांमध्ये डोहर्टीचीच ही जोडी काम करते.

उरलेली चूक गणिताने काढतात. ३ ला २७ मिळतात हे आधीच माहीत आहे ना? मग आत ३ पेक्षा थोडं जास्त पाठवायचं, की बाहेर बरोबर ३० येतात! चुकीला उलटी चूक जोडून बरोबर उत्तर. मला ही युक्ती सगळ्यात जास्त आवडते.

आणि या चिपा कशाच्या असतात माहीत आहे? मोबाईलमध्ये बहुधा गॅलियम आणि आर्सेनिक यांच्या संयुगाच्या, नव्या टॉवरांमध्ये गॅलियम आणि नायट्रोजन यांच्या. गॅलियम हा धातू ३० अंशांच्या जरा आधीच वितळतो. कर्जतच्या एप्रिलमध्ये तो बशीत ठेवला तर त्याचं चकचकीत पाणी होईल! पण तोच आपल्या हवेतल्या नायट्रोजनशी जोडला की असा कणखर पदार्थ तयार होतो की टॉवरवरची उष्णता तो आरामात सोसतो. तुमच्या घरातल्या पांढऱ्या एलईडी बल्बातही तोच असतो.

आता फाईव्हजीसाठी भारतात २०२२ साली २६ गिगाहर्ट्झच्या लहरींचाही लिलाव झाला. या लहरींची लांबी जेमतेम एक सेंटिमीटरच्या आसपास असते. एवढ्या वेगाने हेलकावणाऱ्या लहरींपुढे आजच्या चिपांची काटकसर खूपच कमी पडते. ती वाढवायची, पण ३ ला ३० च मिळाले पाहिजेत, यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा अजून झटत आहेत.