घरच कचेरी झाली, तर बिऱ्हाड कोठे थाटावे?

परगावी बिऱ्हाड थाटताना आजवर पहिला प्रश्न ठरलेला असे : कचेरी किती लांब? मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर अनेक सुशिक्षित कुटुंबांपुरता हा प्रश्न मागे पडला. कचेरीच घरातील टेबलावर येऊन बसली. लेखापाल, अनुवादक, संगणकतज्ज्ञ असे कित्येक जण आता आठवड्यातील काही दिवस, आणि थोडे तर सगळेच दिवस, घरून काम करतात. अशा एखाद्या मराठी कुटुंबाला दिल्लीच्या परिसरात राहावयाचे झाल्यास त्याने खुद्द दिल्ली निवडावी, की नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद यांपैकी एखादे नगर?

दिल्लीवरील गर्दीचा भार हलका व्हावा म्हणून भोवतालची नगरे वाढवावीत, हा विचार नवा नव्हे. १९६२ च्या दिल्लीच्या पहिल्या बृहत् आराखड्यात गाझियाबाद, फरिदाबाद व गुडगाव यांचा या दृष्टीने उल्लेख होता. नोएडा १९७६ साली वसले आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या नियोजनासाठी स्वतंत्र कायदा झाला. तथापि क्षेत्र एक असले, तरी राज्ये निराळी आहेत. मेट्रोची चार स्थानके ओलांडली की विजेचे दर बदलतात, शाळांचे नियम बदलतात. महाराष्ट्रातून मोटार नेणाऱ्याने हेही ध्यानी ठेवावे की, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ती ठेवल्यास तेथे नव्याने नोंदणी करावी लागते.

हवा मात्र राज्याची सीमा जाणत नाही. अडीच मायक्रॉनहून बारीक कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या देशाची मर्यादा ४० आहे. आणि दिल्लीची सरासरी अलीकडे १०० च्या आसपास घुटमळते. यमुनेपलीकडे गेल्याने या धुरातून सुटका होईल, अशी आशा कोणी बाळगू नये.

घराची खरी कसोटी लागते ती नोव्हेंबरात. २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्लीतील शाळांचे वर्ग संगणकाच्या पडद्यावर गेले, आणि त्याच आठवड्यात दिल्ली सरकारने आपल्या निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करावयास सांगितले. अशा दिवसांत दोन खोल्यांच्या घरात काय होते, याची कल्पना करावी. यजमानांची बैठक एका खोलीत, मुलाचा गणिताचा तास दुसऱ्या खोलीत; आणि गृहिणीही नोकरी करीत असेल, तर तिच्या वाट्याला स्वयंपाकघराचा ओटा! म्हणूनच भाडे ठरवताना चौरस फुटांपेक्षा दारे मोजावीत, असे आम्हांस वाटते. बंद करता येणाऱ्या दाराआड बसून काम करण्याची सोय घरातील प्रत्येक कमावत्या माणसाला हवी, आणि ती देताना बहुधा स्त्रीचाच विसर पडतो. त्याच भाड्यात एक खोली अधिक मिळत असेल, तर चार स्थानके लांब जाण्यात काहीच तोटा नाही.

या दृष्टीने गुरुग्राम सर्वांना सारखे लाभत नाही. तेथील भाड्यात कचेऱ्यांच्या शेजाराचे मोल धरलेले असते. ज्याला आठवड्यातून दोनदा तेथे हजर व्हावे लागते, त्याने ते द्यावे. ज्याला कधीच बोलावणे येत नाही, त्याची ती निष्कारण पदरमोड होय. शिवाय पावसाळा आहेच. जुलै २०१६ मधील एका पावसाने तेथील वाहने तासन् तास रस्त्यावर अडकवून ठेवली होती. उंच इमारतींत वीज गेली की जनरेटर चालू होतो खरा. परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून प्रदूषण आवरण्याची सोय नसलेल्या डिझेल जनरेटरांवर सबंध क्षेत्रात निर्बंध आले आहेत. सबब घर कोणत्याही नगरात असो, वीज गेल्यावर पर्यायी व्यवस्था कशावर चालते, हे आधी विचारून घ्यावे.

नोएडाचे सेक्टर आखीव, रस्ते रुंद. गाझियाबादला ऑक्टोबर २०२३ पासून ‘नमो भारत’ ही वेगवान गाडी मिळाली. फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहतीने वाढलेल्या फरिदाबादला मेट्रो २०१५ साली पोचली. खुद्द दिल्लीत द्वारका, रोहिणी, पटपडगंज येथील सहकारी सोसायट्या आणि दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे आहेत. यांतील पुष्कळ जुन्या घरांना उद्वाहक नाही. पण भाजीवाला, दूधकेंद्र, औषधांचे दुकान पायी गाठता येते. दिवसभर एकाच खुर्चीत बसणाऱ्यास दहा मिनिटे चालत जाण्याजोगे ठिकाण असणे ही चैन नव्हे, गरज आहे. उंच इमारतींच्या कित्येक वसाहतींत दुधाची पिशवीही दारात येते, आणि आठवडा आठवडा माणूस फाटकाबाहेर पडत नाही!

मराठी कुटुंबाला आणखी एक ओढ असते. नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन, दोन्ही पहाडगंजात. तेथे जाण्यास मेट्रोच्या निळ्या मार्गावरील रामकृष्ण आश्रम मार्ग हे स्थानक सोयीचे. नोएडा, वैशाली व द्वारका येथून तेथे थेट येता येते. गुरुग्रामच्या मंडळींना राजीव चौकात, तर फरिदाबादच्या मंडळींना मंडी हाउस येथे गाडी बदलावी लागते.