पडद्यावरचा प्रांत आणि परभणीची बोली

परभणी (प्रतिनिधी) : ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे येथील माणसे अर्ध्या गमतीने आणि अर्ध्या अभिमानाने म्हणतात. दूरचित्रवाणीवर मात्र हा जिल्हा बहुधा दुष्काळाच्या बातमीतच, भेगाळलेल्या जमिनीच्या दृश्यासह अवतरतो. प्रदेशाची ठोकळेबाज प्रतिमा कशी घडते, हे या अंतरावरून ध्यानात येते.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दिल्लीहून प्रसारित होणारे एकच चित्र देशभर पोहोचू लागले. देशाची विविधता दाखवण्यासाठी हिंदी मालिकांनी पुढे एक सोपी युक्ती रूढ केली : प्रत्येक प्रांताचा एकेक नमुना. १९९३ मधील ‘जबान संभालके’चा भाषावर्ग असाच होता. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मध्ये गुजराती व्यापारी, तमिळ शास्त्रज्ञ, पंजाबी गॅरेजमालक आणि रत्नागिरीचे काटकसरी भिडे मास्तर एकाच सोसायटीत राहतात. मुंबईची भाषा हिंदी असल्याच्या त्यातील संवादावर मार्च २०२० मध्ये मनसेने आक्षेप घेतला. मुंबईची भाषा मराठीच, असा खुलासा निर्माते असित मोदी यांनी केला. वाद एका वाक्यावर मिटला. एका भिडे कुटुंबाने साऱ्या मराठी समाजाचे प्रतिनिधित्व करावे का, हा प्रश्न तसाच राहिला.

राज्यातही हेच घडते. १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आणि २००० मध्ये ‘ई टीव्ही मराठी’ आल्यावर मराठीला हक्काचे व्यासपीठ मिळाले. पुढे ‘तुझ्यात जीव रंगला’मधून कोल्हापूर, ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधून नागपूर, ‘रात्रीस खेळ चाले’मधून कोकण आणि ‘लागिरं झालं जी’मधून सातारा घरोघरी पोहोचले. या ठळक नावांमध्ये मराठवाडा नाही. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाडी बोली लोकप्रिय केली खरी. पण प्रेक्षकांच्या मनात तिचे नाते मुख्यतः विनोदाशी जुळले.

मालिकांतील ‘गावरान’ भाषा बहुतांशी पश्चिम महाराष्ट्राच्या वळणाची असते. परभणीत ‘मी जातोय’ऐवजी ‘मी जायलो’ आणि ‘का’ऐवजी ‘कामून’ ऐकू येते. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे उर्दू आणि दखनीचा शेजार बोलीत मुरला आहे. हा इतिहास ‘गावंढळ’ या एका शिक्क्याखाली झाकला जातो.

यामागे द्वेषापेक्षा व्यवहार अधिक आहे. मराठी मालिकांचा उद्योग मुंबई-पुण्याभोवती एकवटला आहे. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वगळता बावीसेक मिनिटे उरतात. पात्र चटकन ओळखू यावे म्हणून हेल आणि पेहराव यांचा आधार घेतला जातो. शिवाय प्रेक्षकसंख्येची मोजणी पूर्वी शहरांपुरती होती. ‘बार्क’ने २०१५ मध्ये ग्रामीण घरे त्यात घेतली. ज्यांची मोजणीच होत नव्हती, त्यांच्या भाषेत बोलण्याची निकड कोणाला वाटणार?

परिणाम मात्र खरा आहे. शिक्षणासाठी पुण्याला जाणारा तरुण मुलाखतीत आपली बोली दडवू लागतो, कारण तिच्यावर हसायचे असते हे श्रोत्याला पडद्याने आधीच शिकवलेले असते. पुढे तो घरीही आई-वडिलांची भाषा सुधारू लागतो. बाहेरून चिकटलेली ओळख अशी आतून स्वीकारली जाते.

याच मातीतील चित्र वेगळेही रंगवता येते. परभणीचे कथाकार आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातील गावकरी हसवण्यासाठी किंवा कीव यावी म्हणून येत नाहीत. ते राजकारण, जात आणि शेती यांच्या पेचात उभी असलेली विचारी माणसे आहेत. अशी माणसे पडद्यावर नायक म्हणून आली, तर त्यांच्या बोलीकडे पाहण्याची दृष्टीही बदलेल.