सुख हवे की आणखी काही?

वर्गातील दहा मुलांना विचारा, "आयुष्यात सर्वांत जास्त काय हवे?" कोणी नोकरी म्हणेल, कोणी घर. "ते कशासाठी?" असे विचारत गेलात, की बहुतेक जण एकाच उत्तराशी येऊन थांबतील: सुखासाठी. मग माणसाला सर्वांत जास्त सुखच हवे असते, हे सिद्ध झाले का?

तलासरी तालुक्यातील झरी गावात काय घडले ते पाहू. १९४५ साली हा भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होता. येथील वारली जमीनदाराच्या शेतावर वेठीने, म्हणजे मजुरीवाचून, राबत. लग्नासाठी कर्ज काढलेले जोडपे त्या कर्जापायी जन्मभर बांधले जाई; त्यांना 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरीला किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांनी तिची जुळणी केली होती. सुमारे ५,००० आदिवासी जमले. वेठ करायची नाही, रोजी १२ आणे (पाऊण रुपया) रोख मिळाल्याखेरीज जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचे नाही आणि कोणी मारले तर निमूटपणे सोसायचे नाही, असे ठरले.

हा काही सुखाचा मार्ग नव्हता. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. तरीही चळवळ थांबली नाही.

"पण पुढे सुख मिळावे म्हणूनच ते लढले ना?" असे तुम्ही विचाराल. शंका रास्त आहे. मात्र माणसाला जे जे हवे त्या सर्वालाच आपण 'सुख' म्हणू लागलो, तर 'सर्वांना सुखच हवे' हे विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरणार नाही. अशा विधानाची परीक्षा घेता येत नाही. विज्ञानाला त्याचा उपयोग नाही. मारहाण थांबावी, कष्टाचा दाम मिळावा, या मागण्यांना त्यांच्याच नावाने ओळखलेले बरे.

मेंदूच्या अभ्यासातही असाच भेद आढळला आहे. अमेरिकेतील केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही उंदरांच्या मेंदूतील डोपामिन हे रसायन जवळजवळ नाहीसे केले. हे उंदीर समोरच्या अन्नाकडे जाईनात. पण जिभेवर साखरपाणी सोडले, की पूर्वीसारखेच मिटक्या मारीत! गोडी लागत होती, ती मिळवण्याची ओढ गेली होती. उंदरावरून माणसाचे सगळे मन कळत नाही, हे खरे. परंतु 'आवडणे' आणि 'हवे असणे' या एकच गोष्टी नव्हेत, एवढे यातून दिसते.

आता त्या दहा मुलांना दुसरा प्रश्न विचारा: "गेल्या महिन्यात तू कशासाठी आपणहून त्रास सोसलास?" उत्तरे वहीत लिहा आणि पहिल्या उत्तरांशी ताडून पाहा.