मोरीत धुतलेला रोल

वैशाखात मेहकरला नळाचं पाणी भल्या पहाटेही कोमट येतं. फिल्म धुवायला मात्र वीस अंशांचं पाणी लागतं. म्हणून मी माठातलं पाणी पातेल्यात काढतो, ते पातेलं बर्फाच्या परातीत ठेवतो आणि थर्मामीटरकडे बघत बसतो. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, मऊ पडतो, नख लागलं तरी सोलून निघतो. माझा पहिला रोल असाच गेला. बारापैकी तीन फोटो वाचले आणि त्या तिन्हींवर माझ्या अंगठ्याचा ठसा होता.

कॅमेरा वडिलांचा, आगफा क्लिक-थ्री. जर्मन आगफाच्या नमुन्यावर हा बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होई. आपल्याकडच्या कितीतरी घरांत आलेला पहिला कॅमेरा हाच. जुन्या अल्बममधले चौकोनी, पांढऱ्या काठाचे, कोपऱ्यांकडे थोडे धूसर होत जाणारे फोटो पुष्कळदा याच डब्यातून निघालेले असतात. काळ्या प्लास्टिकचं अंग, पुढे ७२.५ मिलिमीटरचं एकच भिंग, त्यामागे स्प्रिंगवर सरकणारी पत्र्याची पात. बॅटरी नाही, काटा नाही. आठ-दहा फुटांपलीकडचं सगळं स्पष्ट येतं, त्याच्या अलीकडचं पुसट. १२० नंबरचा रोल घालायचा. त्यावर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो बसतात. पाठीमागे लाल काचेची बारीक खिडकी असते. रोलच्या कागदावरचा आकडा त्या खिडकीत येईपर्यंत मूठ फिरवायची. फिरवायला विसरलात तर एकाच चौकोनात आत्याचं लग्न आणि बैलपोळा दोन्ही येतात. आमच्याकडे असा एक फोटो आहे. नवरीच्या मुंडावळ्यांमधून बैलाची झूल दिसते.

इतक्या साध्या यंत्रात बिघडायला फारसं काही नसतं, म्हणून ते टिकलं. माझ्या कपाटातल्या बाकीच्या कॅमेऱ्यांचं तसं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी हिंडून, मुंबईला फोर्टातल्या बोरा बाजारात दुकानदारांशी तासन्‌तास बोलून एकेक जमवला. त्यात दोन भिंगांची यशिका आहे, आगफाचीच आयसोली आहे, एक घडीचा कॅमेरा आहे. घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्याला कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. विकत घेण्याआधी काळोखात भात्याच्या आत टॉर्च लावून बघावं, भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. यशिकाच्या शटरमधलं वंगण सुकलं की एक सेकंदाचं शटर उघडतं आणि तसंच उघडं राहतं. पावसाळ्यात भिंगात बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती काच कोरते, मग पुसून उपयोग नसतो. कातडी पिशवी ही या बुरशीचं माहेर. विकणारे पिशवी दाखवून भाव वाढवतात, मी पहिल्याच दिवशी पिशवी वेगळी करतो.

दर महिन्याला प्रत्येक शटर वीस-पंचवीस वेळा उडवायचं. नुसतं काचेच्या कपाटात मांडून ठेवलेलं यंत्र वर्षभरात गोठतं. कॅमेरे जमवणाऱ्यांशी माझा खरा वाद इथे आहे. ज्या कॅमेऱ्यात वर्षाला एकसुद्धा रोल जात नाही तो सांभाळला असं मी म्हणत नाही. दुरुस्तीला माणूस मिळत नाही, हे खरं. पण कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८ साली चलत्‌चित्राचा कॅमेरा खटपटी करून स्वतः घडवला. त्या मानाने सुकलेलं वंगण काढणं हे एका दुपारचं काम आहे.

फिल्मचं दुखणं मोठं. वडिलांच्या वेळी पूर्व जर्मनीचा ओरवोचा रोल सगळीकडे मिळे. आपल्या देशातही उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना होता. १९६७ पासून तिथे ‘इंदू’ नावाची फिल्म निघे. इंदू म्हणजे चंद्र, चांदीच्या क्षारांवर उमटणाऱ्या चित्राला यापेक्षा नेमकं नाव कुणी दिलं नसतं. तो कारखाना बंद पडला, आणि आता इंग्लंड-अमेरिकेतून आलेला रोल शहरातून मागवावा लागतो. एका रोलच्या पैशात घरचा आठवड्याचा भाजीपाला येतो. त्यामुळे बटण दाबण्याआधी माणूस थांबतो. मला ते थांबणं आवडतं.

रोल मिळाला तरी तो धुणार कुठे? मेहकरात स्टुडिओ आहेत, पण डार्करूमच्या जागी आता प्रिंटर आहेत. रोल शहरात पाठवायचा, दोन-तीन आठवडे थांबायचं. हे मला पटेना. मग एक कृती सापडली आणि किराणा दुकानातली पिशवी घेऊनच मी घरी आलो. १९९५ साली अमेरिकेत रॉचेस्टरच्या तंत्रशिक्षण संस्थेत स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कॉफीत फिल्म धुऊन दाखवली होती. त्यातूनच पुढे ही कृती घडली. तिला ‘कॅफेनॉल’ म्हणतात. अर्ध्या लिटर पाण्याला धुण्याचा सोडा २७ ग्रॅम, क जीवनसत्त्वाची पूड ८ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी २० ग्रॅम. आधी सोडा, मग क जीवनसत्त्व, शेवटी कॉफी. खाण्याचा सोडा चालत नाही. धुण्याचा सोडा खड्यांचा असेल तर त्यात पाणी धरलेलं असतं, वजन फसवतं. जुन्या तव्यावर तापवून त्याची पांढरी भुकटी करून घ्यावी. त्या तव्यावर पुन्हा भाकरी टाकायची नाही. मिश्रणाला ओल्या गोणपाटासारखा वास येतो आणि तो दिवसभर घरात राहतो.

यात सोड्याचं काम काय? फिल्मवरच्या चांदीच्या क्षाराच्या ज्या कणांवर प्रकाश पडला त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारी एक खूण झालेली असते. ज्या कणांवर ती खूण आहे त्यांची कॉफीतली आम्लं आणि क जीवनसत्त्व मिळून काळी चांदी करतात. पण त्यांना हे काम करायला क्षारयुक्त पाणी लागतं, साध्या पाण्यात ती निजून राहतात. तो क्षार म्हणजे सोडियम कार्बोनेट. आणि मेहकरहून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या लोणार सरोवराचं पाणी अल्कधर्मी आहे ते प्रामुख्याने याच क्षारामुळे. अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, आणि ‘ऐन-ए-अकबरी’त या भागाविषयी लिहिताना काच आणि साबण करायची सामग्री इथे मिळते अशी नोंद आहे. भिंगाला काच आणि धुलाईला सोडा, दोन्ही आपल्या शेजारचीच. हे कळल्यावर मला पुष्कळ दिवस दुसरं काही सुचत नव्हतं. सरोवर रामसर यादीतलं संरक्षित पाणथळ स्थळ आहे, तिथलं पाणी आणायचं नसतं. माझा सोडा किराण्यातलाच आहे. पण डबा उघडताना लोणार डोळ्यांसमोर येतं.

तिथे क्लिक-थ्री घेऊन गेलो की अडचण होते. सरोवराच्या विवराचा व्यास पावणेदोन किलोमीटरहून अधिक आहे, आणि या भिंगात काठावरून त्याचा जेमतेम एक तुकडा मावतो. म्हणून मी काठावर उभा राहत नाही. खाली उतरून एखाद्या देवळाचा खांब, बाभळीची सावली, पाण्यालगतचा पांढरा पापुद्रा असं एकेक घेतो. ऊनही सांभाळावं लागतं. याची पात सेकंदाच्या तिसाव्या-पन्नासाव्या भागाएवढी उघडते, त्यात बदल करता येत नाही. ४०० वेगाची फिल्म घातली तर दुपारी सगळं जळून जातं. ५० किंवा १०० ची घालावी आणि दहाच्या आत परतावं. मेहकरात कंचनीच्या महालाचे पडके दगड सकाळी आठला तिरप्या उन्हात उठून दिसतात. पैनगंगेच्या काठी धुणं वाळत असतं तेव्हा त्याहून लवकर जावं लागतं.

फिल्म धुण्याच्या बंद टाकीत रोल भरायला पूर्ण काळोख हवा. मी आतल्या खोलीत, दाराच्या फटीला गोधडी लावून, रात्री भरतो. मग पंधरा मिनिटं कॉफी, दर मिनिटाला दहा सेकंद हलवायचं. नंतर साधं पाणी, मग हायपो. १८१९ साली जॉन हर्शेल यांना हायपोत चांदीचे क्षार विरघळतात असं दिसलं होतं. न उजळलेले कण काढून टाकायला आजही हायपोच लागतो, तो किराण्यात मिळत नाही. शेवटी धुणं. नळाखाली वीस मिनिटं रोल धरणं आमच्या उन्हाळ्यात शक्य नाही. इलफर्ड कंपनीने सांगितलेली रीत इथे उपयोगी पडते. टाकी भरून पाच वेळा उलटी-सुलटी करा, पाणी बदला, दहा वेळा, पुन्हा बदला, वीस वेळा. दीड लिटरात रोल स्वच्छ होतो. ते पाणी मी मोरीत सोडतो, तुळशीला घालत नाही.

शेवटच्या पाण्यात शाम्पूचा एक थेंब, म्हणजे डाग राहत नाहीत. मग पट्टी मोरीतल्याच दोरीला, खाली चिमट्याचं वजन देऊन. बाहेर पडवीत लावली तर फुफाटा चिकटतो. गेल्या खेपेला आईने ती अजून ओली असतानाच कंदिलासारखी वर धरली. उलट्या चित्रात केस पांढरे आणि चेहरे काळे. तिने चौथ्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हा तुझा मामा. उभा राहतो तो असाच, एक खांदा पाडून.”